तिसरं वळण

३ डिसेंबर

आधी सगळ्यांची खुशाली. मला लिहायची सवय आहे ती तळ्याकाठी राहणाऱ्या बहिणीला, रोझीनाला, पाठवायच्या पत्रांची. खुशाली विचारल्याशिवाय पत्राला हात घालायचा नाही, हे आईने शिकवलेलं. रोजनिशीला वेगळा नियम असेल तर मला ठाऊक नाही.

तर, बुर्गी, कशी आहेस? ठीक, म्हणते. ठीक नाहीये. नवा खुबा बसवल्याला महिना उलटून गेला, जखम भरली, पण बाई खुर्चीतून उठते ती पलंगापर्यंत आणि पलंगावरून उठते ती खुर्चीपर्यंत. गुडघेबुवा, तुमचं काय? डावा कुरकुरतो आणि उजवा त्याची री ओढतो. मिन्का मांजरी? स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या उशीवर महाराणीसारखी. कोंबड्या? थंडी पडल्यापासून अंडी बंद, खाणं चालू. शेगडी? वारा खालून आला की धूर आमच्या तोंडावर. आणि आल्बिन, तू? मी बरा आहे. लाकडाच्या गिरणीतून निवृत्त होऊन हे दुसरं वर्ष, हाताला काम नाही, म्हणून बँक दर डिसेंबरात फुकट वाटते ती वही घेऊन बसलोय.

बुर्गीबद्दल, माझ्या बायकोबद्दल, नीट लिहून ठेवतो. तीस वर्षं तिने या गावात स्की शिकवल्या. डॉक्टरीणबाई मेख्टिल्ड असोत, माणसांना उतारावर वर नेणाऱ्या लिफ्टवरचा हार्टल असो, सगळे लहानपणी तिच्या शिट्टीवर खाली उतरले. आता तिला तीन आठवडे पुनर्वसनाच्या इस्पितळात जायला सांगितलंय, जागाही मिळाली होती, हिने नको म्हणून कळवून टाकलं. इथल्या इथे दारापर्यंतही येत नाही. सगळा गाव बघेल, म्हणते. बुर्गी काठ्या टेकत चालली म्हणतील. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ईस्टरपर्यंत ही चालायला लागली नाही तर पाय असाच आखडून बसेल, पुढे नुसती खुर्ची.  समोरचा उतार दिसू नये म्हणून बुर्गीने त्या बाजूचा पडदा ओढून घेतलाय तो नोव्हेंबरपासून तसाच. ऊन डोळ्यांवर येतं, म्हणते. नोव्हेंबरात इथे कसलं ऊन?

दुसरी बातमी. शनिवारी अग्निशमन दलाच्या शेडमध्ये स्की क्लबचा जुन्या सामानाचा बाजार होता. शेवटच्या तासाला जे कोणी नेत नाही ते एका कोपऱ्यात पडतं आणि बंबवाल्यांच्या डब्यात मनाला येतील ते पैसे टाकून उचलायचं असतं. तिथून मी एक लांबलचक अरुंद फळी आणि कडक प्लास्टिकचे बूट आणले. स्नोबोर्डच, पण हल्लीची पोरं मऊ बूट घालून उड्या मारतात तो नव्हे. ज्यावर उभं राहून नुसत्या कडेने बर्फ कोरत खाली यायचं, तो जुना प्रकार. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी गावात त्याचं वेड होतं, मग ओसरलं, आणि आता निम्म्या तळघरांत ते सामान धूळ खात पडलंय. का आणलं? जवळजवळ फुकट होतं म्हणून. शिवाय स्की दोन, त्या दोन दिशांना पळतात आणि माझे गुडघे मधल्यामध्ये पिळले जातात. फळी एक. दोन्ही पाय तिच्यावर बांधलेले. कुठे जायचं ते तिघांनी मिळून ठरवायचं.


४ डिसेंबर

बुर्गीला फळी दाखवली. तिने चष्मा पुसला, फळी पाहिली, मला पाहिलं.

"सपाटीवाल्या," ती म्हणाली, "तुला चाळीस वर्षांत दोन स्कींवर धड उभं करता आलं नाही मला. आता एकीवर काय करणार आहेस?"

सपाटीवाला हे माझं इथलं नाव. माझे वडील तळ्यातलं लव्हाळं कापायचे. आमच्याकडे सगळ्यात उंच जागा म्हणजे लव्हाळ्याच्या गंज्या. इथे येऊन लग्न करून चाळीस वर्षं झाली तरी गाव मला तळ्यातलाच समजतो.

पुढे ती म्हणाली, बाहेर काय करायचं ते कर, फक्त मला येऊन सांगू नकोस. बर्फाचं काही ऐकायचं नाही मला.

बरं, म्हणालो. म्हणूनही ही वही बरी.


१५ डिसेंबर

उतार उघडला. हार्टलशी सौदा केलाय. लिफ्टच्या वरच्या-खालच्या टोकाचा बर्फ मी फावड्याने ओढायचा, त्याने मला सकाळी गर्दीआधी वर सोडायचं. फळीला सकाळच हवी. रात्री यंत्राने विंचरून ठेवलेला बर्फ घट्ट असतो, रेघा रेघा उठलेला, नव्या कॉर्डरॉयच्या विजारीसारखा. दहानंतर शाळेची पोरं येतात आणि सगळ्याचा काला करतात.

पहिल्या दिवसाचा हिशेब थोडक्यात. फळी वळलीच नाही. मी कलतोय, झुकतोय, गयावया करतोय, आणि ती आपली सरळ. कुंपणाने थांबवलं. परत गेलो, परत कुंपण. हार्टल शिट्टी वाजवत खाली आला आणि म्हणाला, "आल्बिनकाका, ही फळी शंभर किलोच्या शर्यतवाल्याची आहे रे. ती वाकेल तेव्हा वळेल, आणि तू तिच्यावर बसलेला कावळा." मग त्याने तळघरातली आपल्या बायकोची जुनी फळी देऊ केली, आखूड आणि मऊ. बदल्यात माझी ही लांबडी तो शेडच्या दारावर पाटी म्हणून ठोकणार. फुकट मिळालं की माणूस ते आपल्याला बसतंय का हे बघत नाही, हे मला पासष्टी ओलांडल्यावर कळतंय.

घरी आलो तर बुर्गी म्हणते, कुंपणाच्या फळ्या शाबूत आहेत ना? मी चकित. हार्टलने फोन केला असणार. बोलघेवडा आहे तो. खिडकीचा पडदाही एका बाजूने चार बोटं सरकलेला होता. मिन्काचे उद्योग, नखं लावते ती.


१९ डिसेंबर

आखूड फळी वळते. पण वळली की बुटाचं टोक बर्फाला घासतं आणि मी उताणा. फळी अरुंद, बूट तिच्या दोन्ही बाजूंनी बाहेर. बर्फात पाहिलं तर कडेच्या रेघेशेजारी दुसरी एक फराट्याची रेघ, बुटाची. शेवटी स्क्रू सैल करून बुटांच्या पकडी आणखी पुढच्या तोंडाला फिरवल्या. आता उभं राहिलं की दोन्ही पाय जवळजवळ नाकासमोर, एकामागे एक, अरुंद नावेत उभं राहून लव्हाळ्यातून काठी मारत जावं तसं. हे मात्र मला लहानपणापासून येतं. पहिल्यांदाच वाटलं, तळ्याचा काही उपयोग झाला.

हार्टलला विचारलं, घरी फोन का करतोस? शपथेवर सांगतो, केला नाही म्हणून. शपथा तो फार घेतो.


२७ डिसेंबर

सणाचे दिवस, बुर्गी जरा मऊ होती. काल जेवताना स्वतःहून म्हणाली, तुझा भार चुकतोय. दरीकडच्या पायावर दे. दरीकडे झुक, डोंगराकडे नाही. हेच तिने आयुष्यभर शिकवलं. या गावातली पोरं चालायच्या आधी ते शिकतात, दरीकडच्या स्कीवर भार. मला ते नुसतं समजायला वीस वर्षं लागली, कारण घाबरलेला माणूस डोंगराला बिलगतो.

आज तिच्या सांगण्याप्रमाणे दरीकडे झुकलो. फळीची दरीकडची धार बर्फात रुतली आणि मी असा आपटलो की टोपी एकीकडे, दात दुसरीकडे. म्हणजे कवळी. सापडली.

तिला सांगितलं नाही. सांगायचं नाही असं ठरलेलंच आहे. पण आज जेवताना ती मधेच म्हणाली, "कवळी धुतलीस ना?"

हार्टल!


२ जानेवारी

आज काहीतरी विचित्र झालं. सकाळी उतारावरून परत आलो तर बुर्गी टेबलाशी, समोर गार लोण्याचा अख्खा गड्डा आणि हातात सुरी. लोण्यावर सगळीकडे ओरखडे. वाटलं, झालं, डोक्यावर परिणाम झाला.

"इकडे ये," ती म्हणाली. सुरी तिने तिरकी धरून आडवी ओढली. लोणी खरवडलं गेलं, भुगा झाला. मग तशीच तिरकी धरली आणि पुढे, पात्याच्या दिशेने, जाऊ दिली. लोण्यात केसाएवढी चीर पडली. "हे तू करतोस," पहिल्याकडे बोट दाखवून ती म्हणाली. "आणि हे करायला हवं. धार आडवी ओढायची नाही, धारेला धावू द्यायचं. आणि मी सांगितलं ते चुकलं. फळीला दरीकडचा पाय नसतोच. तिथे एकच धार आहे, डोंगराकडची, आणि ती सोडलीस की गेलास."

बुर्गीच्या तोंडून 'मी चुकले' हे मी लग्नानंतर ऐकल्याचं आठवत नाही. मी मान खाली घालून लोणीच बघत राहिलो, न जाणो परत घेतलं तर.

मग ती मला उभं कसं राहायचं ते दाखवायला लागली. गुडघे डोंगरात ढकल, खांदे मात्र सपाट, ताटात रस्सा आहे असे, आणि बघायचं फळीच्या नाकाकडे, बर्फाकडे नाही. "तिसऱ्या वळणाला तू कमरेत मोडतोस," म्हणाली, "अळंबी वेचायला वाकल्यासारखा." तिने करून दाखवलं, गुडघे वाकवून, या बाजूला, मग त्या बाजूला. तेवढ्यात शेगडीवरचं सूप उतू गेलं आणि मी धावलो. सुपात घातलेल्या पॅनकेकच्या पट्ट्या सगळ्या चुलीभर. पुसता पुसता नाकी नऊ आले. काठी टेबलाखाली पडली होती, ती उचलून तिच्या खुर्चीला लावून ठेवली. रोज ती तिथे हवी असते.


९ जानेवारी

मन थाऱ्यावर नाही.

काल उतारावर एक चांगलं वळण बसलं. खाली येऊन वळून पाहिलं तर बर्फात एकच बारीक खोल रेघ होती. आनंदाने मी त्या रेघेशेजारी बसलो. आणि मग समोर घर दिसलं, धुराडं, आणि त्या घरात ती. जिने आयुष्य या उतारावर काढलं ती चार भिंतींत, आणि मी, ज्याला गाव आजही तळ्यातला म्हणतो, इथे पोरासारखा खेळतोय. तिच्या डोळ्यांदेखत. डोळ्यांदेखत नाही, पडदा आहे, पण तिला कळतंच. हे कसलं प्रेम? भुकेल्यासमोर बसून जेवल्यासारखं.

ठरवलं. बंद. फळी लाकडाच्या खोपटात ठेवून दिली. बुर्गीला म्हणालो, गुडघा दुखतोय. 


१४ जानेवारी

घरात बसून आहे. पत्ते खेळलो, ती हरायचं म्हणून हरली. तिचं हरणं मला ओळखू येतं. जेवण अर्धं टाकते. दिवसभर पलंगावर. पडदा पुन्हा पूर्ण ओढलेला. आभाळही सारखं भरलेलं, त्याचाच परिणाम असणार, या हवेत कुणाचंही मन बसतं.

रात्री मार्मोटच्या, म्हणजे डोंगरातल्या मोठ्या घुशीसारख्या प्राण्याच्या, चरबीच्या मलमाचा नवा डबा तिच्या उशाशी ठेवला. आमच्या आळीत त्याच्यावर फार विश्वास आहे. झोपताना लाव, म्हणालो. हं, म्हणाली.


१६ जानेवारी

सकाळी सहाला बुर्गीने मला कोपराने ढोसलं.

"खोपटात फळीच्या धारेला गंज चढत असेल."

असू दे, म्हणालो. गुडघा.

"तुझा गुडघा काल कोंबड्यांमागे पळत होता. आल्बिन, माझ्यासाठी घरात बसणार असशील तर मला ते नको. मला त्याचा भार होतो. जा बाहेर." मग कूस बदलून म्हणाली, "आणि बारीक कानस घे, भरड नको. धार दातेरी होते."

गेलो. बर्फ इतका घट्ट होता की फळी बोलत होती. परत आलो तर पडदा बाजूला. जिरेनियमच्या कुंडीला उजेड हवा, असं स्पष्टीकरण मिळालं. जिरेनियम ऑक्टोबरातच तळघरात ठेवलंय आम्ही. आठवण गेलीय तिची, मी दुरुस्त केलं नाही.


२३ जानेवारी

लिहून ठेवायलाच हवं. आज पाच-सहा वळणं एकामागे एक, फराटा नाही, भुगा नाही.  हार्टलने लिफ्ट थांबवून टोपी काढली. "सपाटीवाल्या, हे कुणी शिकवलं तुला?" बुर्गी, म्हणालो. तो म्हणाला, "घरात बसून?" मी म्हणालो, लोण्यावर. त्याला वाटलं मी सकाळीच श्नॅप्सची दारू घेतली.

डॉक्टरीणबाई भेटल्या. दवाखान्यात त्या मला 'तुम्ही आल्बिनकाका' म्हणतात आणि वर लिफ्टपाशी 'काय रे आल्बिन'. वर सगळे एकमेकांना तू, असा इथला नेम आहे. माझे बूट बघून म्हणाल्या, "हे प्लास्टिक जुनं आहे बरं. या वयाचे बूट एक दिवस न सांगता तडकतात. नीट बघून घे." फळी जुनी चालते, म्हणाल्या, बूट नाही. मी म्हणालो, हे माझ्याहून तरुण आहेत.

मिन्का माझ्यावर रागावलीय. तिची खिडकीतली उशी कुणीतरी खुर्चीवर नेली आणि खुर्ची खिडकीपाशी. बुर्गीला शेगडीची धग सोसत नाही बहुतेक.


३ फेब्रुवारी

आता वरून, थेट लार्चच्या झाडापासून सुरू करतो. ती बाजू उभी आहे. शेजाऱ्यांच्या गोठ्यामागे पडते, म्हणून खालून कुणाला दिसत नाही. तेच बरं, कारण तिसऱ्या वळणाला मी अजूनही मोडतो.

दोन गमती. एक, आज वरच्या मजल्यावर जुना लोकरी कोट शोधायला गेलो तर मिन्काची उशी तिथल्या खिडकीच्या कट्ट्यावर. बुर्गीला विचारलं तर म्हणाली चादरी लावत होते. चादरी लावायला जिना चढली! मी दटावलं, पडलीस तर काय? ती म्हणाली, कठडा धरते. दुसरी, माझी दुर्बीण, तळ्यावरच्या पक्ष्यांसाठी घेतलेली, दारामागच्या खिळ्यावर नाही. कुठे ठेवली कोण जाणे. वय.

डॉक्टरीणबाई घरी येऊन तपासून गेल्या. म्हणाल्या, खुबा मोकळा झालाय, स्नायू धरतायत, काय करताय? मी मलमाचा डबा दाखवला. त्यांनी डबा हातात घेतला, बुर्गीकडे पाहिलं, बुर्गीने छताकडे. "चालू ठेवा," त्या मला म्हणाल्या. "दिवसातून दोनदा." मी म्हणालो, एकदाच लावते, रात्री. "नाही, सकाळी लवकरच जास्त उपयोग होतो," म्हणाल्या. एवढी शिकलेली बाई आमच्या मलमाला मानते, याचं मला बरं वाटलं.

पण बाहेर? बुर्गी बाहेर मात्र नाही. पुनर्वसनाच्या जागेबद्दल पुन्हा विचारलं. एक जागा मार्चमध्ये सुटतेय, या महिन्याअखेर कळवायचंय. "गावातून बसपर्यंत काठीवर जाऊ?" एवढंच म्हणाली आणि बोलणं संपलं.


१७ फेब्रुवारी

आजचं आजच लिहून ठेवतो.

सकाळी उणे बारा. बर्फ काचेसारखा. लार्चपासून निघालो, पहिलं वळण, दुसरं, आणि तिसऱ्याला डाव्या पायाखालून फटाक असा आवाज आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तसंच, न सांगता. बुटाचं कवच घोट्यापासून उभं फाटलं, पकडीतून पाय सुटला, आणि मी पाठीवर घसरत गोठ्याच्या कुंपणापर्यंत. लागलं काही नाही. पण पाठ आपटून दम गेला होता, म्हणून आभाळाकडे बघत तसाच पडून राहिलो. बरं वाटत होतं खरं तर. हार्टल वरच्या टोकाला होता, त्याला काही दिसलं नव्हतं. मला कोणीच पाहिलं नव्हतं, याची खात्री आहे.

बऱ्याच वेळाने उठलो, फळी काखेत, एका पायात फुटका बूट, उताराच्या कडेने खाली यायला लागलो. आणि गोठ्याला वळसा घातला तर समोर रस्त्यावर बुर्गी.

घरात घालायच्या लोकरी चपला. एप्रन. डोक्याला काही नाही. एक काठी, तीसुद्धा टेकत नव्हती, हातात आडवी धरलेली. घरापासून तिथपर्यंत चढ आहे. दूध घालायला आलेले दोघे रस्त्याच्या कडेला उभे राहून तिच्याकडे बघत होते, बेकरीची बाई दारात येऊन थांबली होती, आणि बुर्गीला त्यांच्यातलं कोणी दिसत नव्हतं.

मला पाहून ती थांबली. छाती वरखाली होत होती. मला वाटलं आता रडेल. तिने माझ्या पायाकडे पाहिलं, फळीकडे, मग तोंडाकडे.

"तिसरं वळण," ती म्हणाली. आवाज फाटला होता. "तिथे तू उठायचं नाव घेईनास."

मी म्हणालो, बूट फुटला गं. यावेळी कमरेत मोडलो नव्हतो.

"नव्हतास मोडला," ती म्हणाली. "ते बघितलं मी." आणि माझ्या कोटाच्या बाह्या धरून उभी राहिली, बराच वेळ.

मग आम्ही दोघं खाली आलो, ती माझ्या आधाराने का मी तिच्या, सांगता येत नाही. बेकरीवाली म्हणाली, अगं बुर्गी, चपला भिजल्या. बुर्गी म्हणाली, "भिजू देत, काय कुणाच्या डोळ्यात भरतायत?" आणि मग ती थांबली. तिच्या तेव्हाच लक्षात आलं असावं की ती कुठे उभी आहे आणि कोण कोण बघतंय. मला वाटलं आता वळून पळेल. तिने काठी नीट टेकली आणि बेकरीवालीला म्हणाली, केशर घातलेले, वेणीसारखे विणलेले दोन पाव दे, आल्बिनला भूक लागली असेल.

एक गोष्ट अजून उलगडत नाही. तिला कोणी सांगितलं? हार्टलला तर ठाऊकच नव्हतं.


१८ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई कडक बुटांची एक जोडी घेऊन आल्या. त्यांचे स्वतःचे, शिकत असतानाचे, पण नंतर कवच नवं बसवून घेतलेलं. माझे पाय लहान, आमच्या घराण्यात सगळ्यांचेच, अरुंद नावेत मावावेत म्हणून देवाने दिलेले. बसले. बायकांचे बूट आहेत हे गावात सांगायचं नाही, असं ठरलं. किंमत विचारली तर म्हणाल्या, "बुर्गीताईंनी मला शिट्टीवर शिकवलं, त्याचे पैसे कुठे दिले होते मी?"

जाताना बुर्गीच त्यांना म्हणाली, ती मार्चमधली जागा, कळवून टाक घेते म्हणून.

मी चहा सांडला.


१० मार्च

सोडून आलो. बसपर्यंत चालत गेली. गावच्या मधोमध, हळू, काठीवर. वाटेत सगळ्यांनी खुशाली विचारली आणि तिने प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर दिलं. घर मोठं झालंय. मिन्का उशीवर परत.


२४ मार्च

उतार रविवारी बंद होणार. बर्फ सकाळी तासभर धरतो, मग लापशी. आज मी शेवटच्या वेळी वर गेलो. बर्फ विंचरलेला, वर कोणी नाही. लार्चपासून निघालो, आणि तिसऱ्या वळणाला खाली बघायचं नाही, फळीच्या नाकाकडे बघायचं, हे लक्षात ठेवलं. बरं गेलं वाटतं. नक्की माहीत नाही.

घरी येऊन वरच्या मजल्यावर खिडक्या उघडायला गेलो. कट्ट्यावर दुर्बीण. उताराच्या कडेला एक घार बसली होती, ती बघावी म्हणून डोळ्याला लावली. ती नेहमी चाक फिरवून जुळवावी लागते, जवळच्यासाठी वेगळी, लांबच्यासाठी वेगळी. आज घार धूसर दिसली. आणि तिच्या पलीकडे लार्चचं झाड, त्याची साल, त्याच्या खाली उतारावरची माझी आजची रेघ, केसासारखी स्वच्छ.

मी चाक फिरवलं नाही.

तिथेच खाली बसलो. नोव्हेंबरचा पडदा, कवळी, जिरेनियम, चादरी, सगळं एकेक करून आठवलं. मग खाली येऊन तिच्या उशाशी ठेवलेला मलमाचा डबा उघडला. वरचा कागदसुद्धा काढलेला नव्हता. एकटाच हसलो. मग थोडा वेळ हसलो नाही.

तिला पत्र लिहिलं. टपालात टाकण्याआधी इथे उतरवून ठेवतो, ही वही पत्रासारखी सुरू झाली तर पत्रानेच तिचं तोंड बंद होऊ दे.

"प्रिय बुर्गी, कशी आहेस? खुबा कसा आहे? तिथलं जेवण? तुझ्या खोलीतली ती बोलकी बाई? इथे मिन्का बरी, कोंबड्यांनी पुन्हा अंडी द्यायला घेतली, शेगडी तशीच, गुडघे तुझ्या नवऱ्याचेच आहेत. दुर्बीण सापडली. जिथे होती तिथेच ठेवलीय, चाकाला हात लावलेला नाही. आज शेवटचं उतरलो. मग दुपारी पुन्हा चालत लार्चपाशी जाऊन आपल्या वरच्या खिडकीकडे हात केला, उगीच, सवय लागावी म्हणून. तिसरं वळण मला वाटतं बरं झालं, पण मला काय कळतंय? ते सांगणारं माणूस तिकडे जाऊन बसलंय. डॉक्टरीणबाई म्हणतात पुढच्या हिवाळ्यात तू काठी न घेता लिफ्टपाशी उभी राहशील. शिट्टी मी घासून ठेवलीय. हाताला जरा फुरसत झाली की दोन ओळी लिही, लवकर लिही. घरात वरचढ बोलायला कोणी नाही, आणि मी आपला उगीचच बरोबर ठरत चाललोय. तुझा, आल्बिन."